दोन इंच आत

लेक अकरा वर्षांची, पण बापावर तिची हुकूमत अशी, की तो तिला ‘सरकार’च म्हणायचा. बाप शिंपी. गिऱ्हाइकांच्या नाकदुऱ्या काढण्यात त्याचं निम्मं आयुष्य गेलेलं, पण सरकारांइतकं चोखंदळ गिऱ्हाईक त्याला दुसरं भेटलं नव्हतं.

जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला आणि सरकारांचे हातपाय कायमचे आखडले. सेरेब्रल पाल्सी. ते सगळ्यांना दिसायचं. न दिसणारं दुखणं वेगळंच होतं. हृदयाची गती, घाम, हातापायांची ऊब हे सगळं शरीर आपल्याला न विचारता सांभाळतं; तिचं शरीर तिथेही गोंधळ घालायचं. आधाराच्या चौकटीत उभं केलं, की दोन मिनिटांत छाती धडधडायची आणि डोळ्यांपुढे अंधारी यायची. आणि तिला तर वर्गात फळ्यापाशी उभं राहून अख्खी कविता म्हणायची होती. तिच्या संथ बोलण्यात त्या कवितेला पाच मिनिटं लागत.

म्हणून दवाखान्यात चाललेल्या संशोधनाच्या अभ्यासात तिचं नाव घातलं. हा गोंधळ आवरतो का ते बघायला ओले स्पंज बसवलेल्या टोपीतून डोक्याला अगदी सौम्य वीज द्यायची, वीस दिवस, आणि छातीवरच्या पट्ट्याने हृदयाचे ठोके टिपायचे. निम्म्या मुलांना खरी वीज, निम्म्यांना नुसतीच टोपी. कोणाला काय, हे तिथल्या फिजिओताईंनाही ठाऊक नव्हतं.

अकराव्या दिवशी ताई पडद्याकडे बघून खुलल्या. कालपर्यंत वेड्यावाकड्या उड्या मारणारे आकडे एकदम शहाण्यासारखे वागत होते. बापही आधी हरखला, आणि मग त्याला पट्टा आठवला. पट्टा धुवायला घरी यायचा. तो सरकारांच्या छातीवरून घसरतो, काखेत काचतो, हे त्याला बघवेना. आदल्या संध्याकाळी त्याने तो दोन इंच आत घेऊन मऊ अस्तर लावलं होतं. कोणाला विचारलं नव्हतं. आयुष्यात त्याने ढगळ काही खपवून घेतलेलं नाही, तिथे पट्ट्याने काय घोडं मारलं होतं?

आता हे आकडे विजेचे की शिवणीचे? सांगावं, तर नाव कापतील आणि उरलेले दिवस हातचे जातील. न सांगावं, तर आपलीच शिवण आपल्याला टोचत राहणार. घरी येऊन तो कामाला बसला. शिवणयंत्रावर त्याने एका शर्टाची बाही उलटी जोडली, तेव्हा खुर्चीतून कालपासून सगळं बघणाऱ्या सरकारांनी एकेक शब्द जुळवत हुकूम सोडला.

“बाबा, ताईंना सांग. मीच नाव काढून घेईन नाहीतर.”

बाराव्या दिवशी त्याने सांगितलं. ताईंनी कपाळाला हात लावला, डॉक्टरांना फोन केला, बराच वेळ नुसतं हं-हं केलं. मग म्हणाल्या, की सरकारांच्या ठोक्यांचे आकडे अभ्यासातून बाद. सैल पट्ट्याचे खोटे आणि घट्ट पट्ट्याचे त्यांच्याशी न जुळणारे. टोपी मात्र वीस दिवस पूर्ण मिळेल. बापाचा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. लेकीत फरक पडलाय की नाही, ते कसं कळायचं?

“पट्टा काढा,” सरकार म्हणाल्या. “घड्याळ लावा. मी कविता म्हणते.”

तिला चौकटीत उभं केलं. ताईंनी तिच्या मनगटाची नाडी धरली, दुसरा हात बापाने. तळवा नेहमीसारखाच गार होता. वेळ मोजायचं काम बापाकडे आलं. कविता सुरू झाली. एकेक शब्द घाटातल्या गाडीसारखा चढत होता आणि बापाचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. चेहरा पांढरा पडला नाही. तिसऱ्याच्या मध्यावर ती थांबली.

“पाय दुखले,” ती म्हणाली. “पण अंधारी नाही आली.”

ताईंनी तिला अलगद खुर्चीत बसवलं आणि विचारलं, किती मिनिटं झाली?

बापाने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग ताईंकडे. कविता सुरू झाल्यापासून त्याने घड्याळ बघितलंच नव्हतं. एकाच दिवसात दुसऱ्यांदा त्याला कबुली द्यावी लागली.

सरकारांनी श्वास घेतला, शब्द जुळवले.

“उद्या घड्याळ ताईंकडे,” ती म्हणाली. “तू नुसता ऐक.”