एकशे ऐंशी पानांची पंगत

दिव्यश्रीनं कामाला हात घातला की तडीस नेल्याशिवाय सोडायची नाही, असं बंगळूरजवळच्या आनेकलातल्या मराठी घरांतून जो तो कौतुकानं सांगायचा. धाग्याला गाठ पडली की पोरगी जेवणखाण विसरून ती सोडवणार. "एक ना धड भाराभर चिंध्या" असल्या पोरांच्या आयांना तर तिचा हेवाच वाटे. पण देवाची करणी बघा, ज्या गुणाचं इतकं कौतुक, त्याच गुणानं पोरीचं वर्ष खाल्लं.

गेल्या वर्षीची गोष्ट. मेडिकलची नीट परीक्षा, एकशे ऐंशी प्रश्न आणि मिनिटंही तेवढीच. फिजिक्सच्या दोरी आणि दोन कप्प्यांच्या एका गणिताशी बाईसाहेबांचं घोडं अडलं. अडलं तर सोडायचं की नाही? छे! चौदा मिनिटं झुंजली आणि सोडवलंही बरोबर! त्या आनंदात मान वर केली तर घंटा होत आलेली आणि अकरा प्रश्न वाचलेसुद्धा नाहीत. चार मार्क कमावले, चव्वेचाळीस घालवले. सरकारी कॉलेज हुकलं ते फक्त नऊ मार्कांनी.

तिचे वडील दयानंद होसकोट्याला कारखान्यात. माणूस शांत, पण शब्दाचा पक्का. ते म्हणाले, "आणखी एक वर्ष घे. पण हे शेवटचं. यंदा नाही झालं तर बी.एस्सी.ला नाव घालायचं, मग डॉक्टरकीचा विषय घरात काढायचा नाही. सरी?"

"सरी," म्हणजे बरं, असं ती म्हणाली खरी. पण सातव्या वर्षी शेजारच्या कोंबडीच्या पायाला फडकं बांधल्यापासून तिला दुसरं काही व्हायचंच नव्हतं.

क्लासचे हयवदन सर रोज घसा कोरडा करून सांगत, "अडलं की सोड, पुढे जा." तिनं ते पुठ्ठ्यावर लाल अक्षरात लिहून भिंतीवर चिकटवलं. भिंतीवर सगळंच सोपं असतं हो! एप्रिलातल्या सराव परीक्षेत पुन्हा एका गणितानं तिला धरलं आणि बावीस प्रश्न कोरे राहिले. त्या दिवशी बंगळूरहून आनेकलपर्यंतच्या बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून रडली. परीक्षेला तीन आठवडे उरले होते.

दुसऱ्याच दिवशी, रविवारी सकाळी, सोयराबाईंचा फोन आला. सोयराबाई म्हणजे दयानंदांची थोरली बहीण. आनेकलात लग्नकार्याचं जेवण त्यांच्या हातचं नसेल तर लोक आहेर देताना दोनदा विचार करत. फोनवर नमस्कार-चमत्कार त्यांना ठाऊकच नव्हता.

"दिवी, पुस्तक मीट आणि चप्पल घाल. वाढणारे दोघं आले नाहीत."

"आत्या, माझी परीक्षा..."

"परीक्षा मे महिन्यात आहे. लग्न आज आहे. ये!"

मंगल कार्यालयात पानं मांडलेली होती. केळीच्या पानांच्या चार ओळी, एकेका ओळीत पंचेचाळीस. दिव्यश्रीच्या हातात चित्रान्नाची बादली आली. लिंबाचा पिवळाधमक भात, वर शेंगदाणे. पुढे कोशिंबिरीवाला निघाला होता, मागे भातवाला उभा होता.

चार पानं ठीक गेली. पाचव्या पानावर बसले होते आप्पाजी, तिचे आजोबा. ऐंशी वर्षांचे, तोंडात सगळे दात शाबूत, आणि त्याचा गर्व सबंध गावाला पाठ.

"दिवी, स्वल्प, जरा शेंगदाणे बघून वाढ गं. नुसता भात काय कुणीही चावतं."

झालं! नातीनं बादली खाली टेकवली आणि पळीनं भात उकरून शेंगदाणे शोधायला लागली. एक मिळाला, दोन मिळाले, सहा मिळाले. आप्पाजी म्हणाले, "खाली असतील बघ, जड असतात." ती आणखी खाली गेली. मागे भातवाला ताटकळला, त्याच्यामागे सारवाला. पलीकडच्या ओळीतली माणसं कोशिंबीर संपवून पानावरचं मीठ चाटायला लागली. नवरदेवाच्या मामानं तर घसा खाकरून घेतला.

"अगं ए भवाने!" सोयराबाईंचा आवाज आला तेव्हा सनईवालासुद्धा दचकला. "एका पानापायी सगळी पंगत उपाशी ठेवतेस? चल पुढे!"

"पण आत्या, आप्पाजींना..."

"आप्पाजी कुठे पळून चाललेत? आधी सगळ्या पानांवर एकेक वाढ. मग मागतील त्यांच्याकडे दुसरी फेरी. आणि हे शेंगदाणेवाले हट्टी, यांच्याकडे तिसऱ्या फेरीला जायचं, बादलीत उरलं असेल तर! जाताना हसून सांगायचं, 'येते हं परत.' माणूस रुसत नाही."

दिव्यश्रीनं बादली उचलली. "येते हं परत, आप्पाजी!" असं म्हणाली आणि वाढप्यांच्या रीतीनं "चित्रान्न, चित्रान्न" अशी हाळी देत सुटली. नऊ मिनिटांत शेवटचं पान गाठलं. तिथे उभी राहून तिनं मागे वळून बघितलं. चार ओळी. ओळीला पंचेचाळीस. फिजिक्सची एक, केमिस्ट्रीची एक, बायोलॉजीच्या दोन.

"अगं बाई," ती स्वतःशीच म्हणाली, "ही तर माझीच परीक्षा जेवायला बसलीय!"

सरांनी वर्षभर सांगून जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते हातात शिरलं. कारण सोडून दे म्हटलं की तिला ते हरल्यासारखं वाटायचं, आणि हरणं तिच्या रक्तात नव्हतं. पण परत येते म्हणून पुढे जाण्यात कसली आलीय हार? घरी येऊन तिनं लाल अक्षरांचा पुठ्ठा काढून टाकला. पुढच्या सरावाला नऊ प्रश्न कोरे राहिले, त्याच्या पुढच्याला पाच.

मेच्या त्या रविवारी दुपारी दोनला पेपर हातात आला. आधी बायोलॉजीच्या दोन ओळी, सवयीच्या माणसांच्या. एकेक पान वाढलं की लगेच उत्तरपत्रिकेतले गोल काळे करायचे, मागे ठेवायचे नाहीत. मग केमिस्ट्री. मग फिजिक्स. फिजिक्स त्या वर्षी असं आलं होतं की वर्गातल्या निम्म्या पोरांनी कपाळाला हात लावले. आणि तिसऱ्याच प्रश्नाला कोण भेटावं? कप्प्यांचं गणित! दोन नाही, चांगल्या तीन कप्प्या, आणि उतारावर ठोकळा. दिव्यश्रीच्या हाताला अक्षरशः खाज सुटली. पेन टेकलंही. पण डोळ्यांपुढे मीठ चाटणारी ओळ आली.

"येते हं परत," ती पुटपुटली आणि पुढे गेली. "चित्रान्न, चित्रान्न..."

पर्यवेक्षक बाई जवळ आल्या. कन्नडमध्ये हळूच म्हणाल्या, "काय गं, भूक लागली का?"

"नाही मॅडम, वाढतेय," दिव्यश्री म्हणून गेली आणि जीभ चावली. बाई तिच्याकडे बघत बघत पुढे गेल्या.

दुसऱ्या फेरीत अडलेले बरेचसे सुटले. तिसऱ्या फेरीला भिंतीवरच्या घड्याळात नऊ मिनिटं होती आणि चार हट्टी प्रश्न. कप्पीवाला तिनं आधी घेतला, आणि डोकं शांत असल्यानं तो सहा मिनिटांत सुटला. उरलेले तीन तिनं वाचले, समजेनात, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं खुशाल पेन खाली ठेवलं. तिला हसूच येत होतं.

जूनमध्ये निकाल लागला, ऑगस्टमध्ये सरकारी कॉलेजात जागा मिळाली. दयानंदांनी फोनवरचं प्रवेशाचं पत्र तीनदा वाचलं. मग चष्मा काढून पुसत बसले. चष्मा स्वच्छच होता. "लेकी, माझी मान उंच केलीस," एवढंच त्यांना बोलता आलं. दिव्यश्रीनं त्यांच्या गळ्यात पडून मनसोक्त रडून घेतलं.

सोयराबाईंनी मार्क विचारलेच नाहीत. त्यांनी विचारलं, "किती पानं रिकामी राहिली?"

"तीन."

"एवढं चालतं. तीन माणसं हरेक लग्नात उपाशी उठतात, आणि तीही भांडून जागा बदलणारीच असतात."

पुढच्या रविवारी घरातच पंगत बसली. हट्टानं दिव्यश्रीच वाढायला उभी राहिली. पहिल्या फेरीत तिनं आप्पाजींच्या पानावर सगळ्यांइतकंच चित्रान्न वाढलं. त्यांनी तोंड उघडलं, पण नातीनं हसून "येते हं परत" म्हटल्यावर मिटलं. दुसऱ्या फेरीतही ती तशीच पुढे गेली. म्हाताऱ्याचे डोळे बादलीवर.

सगळ्यांची जेवणं होत आली तेव्हा ती स्वयंपाकघरातून एक वाटी घेऊन आली आणि आप्पाजींच्या समोर मांडी घालून बसली. वाटीत नुसते तळलेले शेंगदाणे होते, शिगोशीग.

"आप्पाजी, आता माझ्याकडे वेळच वेळ आहे. किती वाढू?"

आप्पाजींनी पान पुढे सरकवलं. "वाढ गं डॉक्टरीणबाई," ते म्हणाले, "मी पुरे म्हणेपर्यंत थांबू नकोस."