परक्या हाताची जोडकडी

"माणूस खोटं बोलतो, कागद खोटं बोलतो, आरसासुद्धा सकाळच्या वेळी जरा सांभाळूनच घेतो. या जगात खरं बोलणारी एकच वस्तू शिल्लक राहिलीय, आणि ती म्हणजे चेन!"

एवढे बोलून पंचनाम्यांनी ती सत्यवादी वस्तू गिऱ्हाइकाच्या नाकासमोर उंच धरली. ती त्यांच्या तेलकट बोटांतून सुळकन निसटली आणि थेट त्यांच्याच चहाच्या कपात जाऊन बसली.

"आता काय म्हणतेय?" गिऱ्हाइकाने विचारले.

"म्हणतेय की तुम्ही सायकल ओढ्यातून नेलीत," पंचनामे कपात बोटे घालत शांतपणे म्हणाले, "आणि मागे कुणालातरी बसवलं होतंत."

गिऱ्हाइकाने मान खाली घातली.

पंचनामे हे काही त्यांचे आडनाव नव्हते. मोटर लावलेल्या सायकली दुरुस्त करणे हा त्यांचा धंदा आणि दुरुस्तीआधी मालकाची उलटतपासणी घेणे हा छंद; त्यातून हे नाव पडले होते. गावामागच्या डोंगरात अशा सायकली घेऊन चढणारे पुष्कळ झाले होते. मोटर पायडलांपाशी बसवलेली, त्यामुळे तिचे सगळे बळ चेनीतूनच मागच्या चाकाला जाते. मालकाच्या पायांत कधीच नव्हता असला जोर बिचारीला सोसावा लागतो. मग चेन ताणते, ती ज्यांवर फिरते त्या चकत्यांचे दाते झिजतात आणि ऐन चढावर काडकन तुकडा पडतो. मालक येऊन सांगतो, "काही नाही हो, नुसती उभी होती, आपोआप तुटली." पंचनामे नखाने चिखल खरवडत, दात्यांवरून बोट फिरवत आणि मालक कुठे गेला, कसा गेला, कुठे घाबरला ते सगळे सांगत. चेन बदलून मिळे, पण अब्रू तेवढी दुकानातच राही.

दिव्याखाली मात्र नियमाप्रमाणे अंधार होता. त्यांची बायको नर्स. डोंगरावरच्या वस्तीत ज्यांना खाली उतरवत नाही अशा म्हाताऱ्यांच्या जखमा बांधायला ती रोज वर जायची. तिला चढ सोपा जावा म्हणून पंचनाम्यांनीच काही वर्षांपूर्वी तिच्या सायकलीला मोटर लावून दिली होती, चांगली दणकट. त्यानंतर त्या सायकलीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नव्हते. घरच्या सायकलीचा दुकानात नंबर लागतो थोडाच?

त्या संध्याकाळी बाई गुडघ्यांना तेल चोळता चोळता म्हणाल्या, "अहो, जमलं तर माझी चेन बघता का? फार कुरकुर करतेय."

"वय झालं की करायचीच," पंचनामे म्हणाले. हे चेनीबद्दल होते की गुडघ्यांबद्दल, ते त्यांनी स्पष्ट केले नाही.

पण अंगणात जाऊन त्यांनी सायकल उलटी केली, चेन पुसली आणि उकिडव्याचे एकदम खालीच बसले.

मागच्या चाकाला लहानापासून मोठीपर्यंत चकत्यांची उतरंड असते. चढावर मोठ्या चकत्या, सपाटीवर वेगात जायला लहान. हे शेंबडे पोरही सांगेल. बाईंच्या सायकलीची सगळ्यांत लहान चकती झिजून तिचे दाते माशाच्या परांसारखे झाले होते. आणि मोठ्या चकत्या? दुकानातून आणल्या त्या दिवशी जशा चकाकत होत्या, तशाच.

म्हणजे ही सायकल डोंगर चढतच नव्हती! सपाट रस्त्यावर, वेगात, कुठेतरी जात होती.

टायरला डोंगरातली तांबडी माती होती, हे त्यांनी पाहिले. पण माती काय, लावता येते.

एवढ्यावर थांबले असते तरी निभावले असते. पण त्यांनी चेन कडी-कडी करून बोटांतून ओढली. तुटलेली चेन जोडायला एक सुटी कडी मिळते, जोडकडी म्हणतात तिला. तशा जोडकड्या या चेनीत होत्या, आणि एक नव्हे, जागोजागी! त्यातली एकही त्यांच्या दुकानातली नव्हती. प्रत्येकीवर पकडीचे बारीक, एकसारखे ओरखडे होते. त्यांच्याकडच्या कुठल्याच पकडीला इतके नाजूक दात नव्हते.

पंचनाम्यांच्या छातीत कळ आली. बायको कुणाच्या घरी जाते हा प्रश्न राहिलाच बाजूला; ती दुसऱ्या मेकॅनिककडे जात होती!

आणि तो कोण, हेही उघड होते. सपाट रस्त्याच्या टोकाला नवे दुकान निघाले होते. काचेचा दरवाजा, बसायला गादीच्या खुर्च्या, आणि आत एक दाढीवाला. हात नेहमी स्वच्छ. ज्या मेकॅनिकचे हात स्वच्छ, त्याचे मन कसे असणार?

जेवताना त्यांनी सहज विचारल्यासारखे विचारले, "आज कुठं गेली होतीस?"

"कुठं म्हणजे? वर."

"वरच?"

"खाली गेले असते तर खाली म्हटलं असतं. भाजी वाढू?"

"तुटते का कधी चेन?"

बाईंचा हात वाटीवर क्षणभर थांबला. "मीठ कमी आहे का हो?" त्या म्हणाल्या.

पंचनाम्यांना मीठ बरोबर लागत होते. बाकी सगळे कमी झाले होते. इतकी वर्षे ही बाई समोर बसून जेवतेय, हसतेय, आपल्या बनियनची भोके शिवतेय, आणि आपण गावभरच्या चेनी वाचत बसलो. त्या रात्री ते कुशीवर वळून झोपले आणि बाईंनी विचारले तेव्हा उकडतेय असे म्हणाले.

सकाळी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. दाढीवाल्यासमोर उभे राहायचे तर मळक्या कपड्यांत कशाला? दुकानातली त्यांची स्वतःची मोटरवाली सायकल काढली आणि पुरेसे अंतर ठेवून बाईंच्या मागे निघाले.

चौकात सपाट रस्ता उजवीकडे जातो. पंचनामे झाडाआड थांबले. बाईंची सायकल चौकात आली आणि सरळ डोंगराच्या वाटेला लागली.

'हुशार आहे,' पंचनामे मनात म्हणाले. 'वरून वळसा घालणार.'

वाट दगडांची, मग मुळांची, मग नुसत्या भुसभुशीत मातीची. पुढून मोटरचा आवाज येत होता. जात्यात खडा अडकावा तसा, कण्हत, घुसमटत. मग तो बंद पडला. भेटीची जागा आली बहुधा. पंचनाम्यांनी पूर्ण जोर दिला आणि वळण घेतले.

समोर चढावर बाई सायकल ढकलत होत्या. औषधांची पिशवी हँडलला, पदर कमरेला खोचलेला, एक हात गुडघ्यावर. दोन पावले ढकलायची, टेकायचे, पुन्हा दोन पावले. आजूबाजूला दाढीवाला काय, साधी मिशीसुद्धा नव्हती.

पंचनामे इतके गडबडले की ज्या चुकीसाठी त्यांनी आयुष्यभर लोकांची अब्रू काढली तीच करून बसले. मोटर पूर्ण जोरात असताना त्यांनी गिअर बदलला. काडकन आवाज झाला आणि चेन सापासारखी मातीत पडली.

बाईंनी वळून पाहिले. नवऱ्याकडे, त्याच्या इस्त्रीच्या शर्टाकडे, मग चेनीकडे.

"तुटली?" एवढेच विचारले. रोग्याला विचारावे तसे.

"आपोआप तुटली," पंचनामे म्हणाले.

"बसा त्या दगडावर."

बाईंनी पिशवी उघडली. कापसाच्या गुंडाळीखालून एक छोटी डबी काढली, डबीत जोडकड्या. मग जखमेतला कापूस उचलायचा चिमटा काढला आणि त्या बारीक दातांच्या चिमट्यात कडी धरून, टाका घालावा तशी चेन जोडू लागल्या. पंचनामे ते ओरखडे उमटताना बघत राहिले.

"हे... कुठं शिकलीस?"

"तुटली की शिकतं माणूस. वर पेशंट वाट बघत असतात."

"आणि कड्या?"

"त्या दाढीवाल्याकडून आणते. चांगला आहे पोरगा."

"घरात दुकान असताना?"

"तो कड्या देतो आणि गप्प बसतो," बाई चेनीवरची नजर न काढता म्हणाल्या. "तुमच्याकडे आले असते तर आधी पंचनामा. कशी तुटली, कुठं तुटली, काय केलंस. नको वाटायचं."

पंचनाम्यांनी घसा खाकरला. चेन अजून एक गोष्ट सांगत होती आणि ती त्यांना उलगडत नव्हती. "पण तू चढावर लहान चकती का वापरतेस? गिअर बदलायचा ना!"

बाईंनी मान वर केली. चेहऱ्यावर प्रामाणिक आश्चर्य.

"तुम्हीच तर म्हणालात. मोटर बसवली त्या दिवशी. या गिअरच्या खटक्याला मी सांगेपर्यंत हात लावायचा नाही, तार अजून बसायचीय. मग तुम्ही सांगितलंच नाही. मी म्हटलं, बसली नसेल अजून."

वाऱ्याने पिशवीतला कापूस हलला. पंचनामे खाली मातीत बघत राहिले. तिथे पुष्कळ जुन्या पावलांचे ठसे होते, शेजारी एकेका चाकाची रेघ.

"बसलीय," ते शेवटी म्हणाले. "तार बसलीय."

"मग हात लावू?"

"लाव."

बाईंनी कडी बसवून चिमटा त्यांच्या हातात दिला आणि त्या आपल्या सायकलीवर बसल्या. हळूहळू पायडल मारत अंगठ्याने भीत भीत खटका दाबला. टक्. टक्. टक्. चेन एकेक पायरी चढत त्या चकाकणाऱ्या, कोऱ्या चकतीवर जाऊन बसली. मोटर कण्हली नाही. बाई वळणापर्यंत अलगद गेल्या, लहान मुलीसारख्या ताठ बसून, आणि दिसेनाशा झाल्या.

पंचनामे उठले. हातात तो काळाकुट्ट झालेला चिमटा राहिला होता. काहीतरी मोठे बोलायला हवे, माफीसारखे, ते जुळवत होते, तोच वळणाआडून आवाज आला.

"अहो! तो चिमटा तेवढा पुसून आणा हं. वरच्या आजोबांच्या पायाच्या जखमेला लागतो."

पंचनाम्यांनी इकडेतिकडे फडके शोधले आणि मग इस्त्रीचा शर्ट बाहेर ओढला.