टपातलं पाणकणीस

सांडपाणी शुद्धीकरण केंद्रावर त्याला सगळे नाकोबा म्हणत. दारातून आधी नाक आत येतं, मग चहाची वेळ होते आणि मग तो येतो, असं पंपवाला सांगे. आणि पंपवाला तसा कमीच सांगणारा माणूस. केंद्रामागच्या दलदलीची राखण नाकोबाकडे होती. तिथं पाणकणसाचं रान होतं, माणसाच्या डोक्यावर हातभर उंच. केंद्रात साफ झालेलं पाणी नदीला मिळण्याआधी त्या रानातून झिरपत जाई. नाकोबा मुळाशी हात घालून चिमूटभर चिखल हुंगायचा आणि काल शहरात कोणाकडे पाहुणे जेवले ते सांगायचा. निम्मं खोटं असे. उरलेल्या निम्म्यात मात्र त्याला कोणी पकडलं नव्हतं.

त्याची एक खोड होती. केंद्राच्या पाण्याशिवाय दुसरं पाणी तीस वर्षांत त्यानं कशाला लावलं नव्हतं. कुंड्या, फावडी, स्वतःचे पाय, सगळ्यांना तेच. शाळेची सहल आली की पोरांसमोर पेलाभर गटागटा प्यायचा आणि म्हणायचा, "आजोबा जिवंत आहेत का ते बघायला पुढच्या वर्षी या."

दोन वर्षांपूर्वी वरून हुकूम आला, बाहेर पडणाऱ्या पाण्यात एकही जंतू दिसता कामा नये. क्लोरीन वाढलं. पाणी काचेसारखं झालं, केंद्राला मानाची ढाल मिळाली, आणि पाणकणीस बुडापासून पिवळं पडू लागलं.

नाकोबाची लेक तिथंच प्रयोगशाळेत होती. मुळांना चिकटलेली माती तिनं काचेच्या बशीत वाढवून पाहिली आणि बापाला बोलावलं.

"हा जुना फोटो बघा. पिवळे, गुलाबी, पांढरे ठिपके; मोजता मोजता माझं जेवण राहायचं. आणि ही आजची बशी. एकच करडा थर. मुळांभोवतीचे जिवाणू गेले, बाबा. पाण्यातली घाण तेच खायचे, रोपालाही तेच पोसायचे. आपलं पाणी त्यांना मारतंय."

"आपलं पाणी? मी तीस वर्षं पितोय."

"तुम्हाला अजून कुणी बशीत घालून पाहिलेलं नाही."

केंद्राच्या साहेबांना दलदल नकोच होती. ती बुजवून सिमेंटचा नाला काढायचं नकाशावर ठरलंही होतं. लेकीनं महिन्याची मुदत मागून घेतली. बांधापलीकडे झऱ्याच्या डबक्यात पाणकणसाचा एकच जुना गड्डा उरला होता. तिथं केंद्राचं पाणी कधी पोचलं नव्हतं, म्हणून मुळांची माती अजून जिवंत होती. तो गड्डा टपात, दलदलीतल्या मेलेल्या चिखलात लावायचा आणि झऱ्याच्या पाण्यावर वाढवायचा. चिखल पुन्हा जिवंत झाला तर दोष पाण्याचा, क्लोरीन कमी करा. नाही झाला तर दलदलच संपली, बुजवा.

"याला आपलं पाणी नाही घालायचं, बाबा. थेंबसुद्धा नाही."

"कळतं मला," नाकोबा म्हणाला, आणि त्याला खरंच कळलं होतं.

बारा दिवस तो बांधापलीकडून दोन-दोन डबे वाहत होता. तेराव्या दिवशी पंपवाला आडवा आला.

"काय रे नाकोबा, पोरांसमोर पेले रिचवतोस, आणि घरच्या रोपाला बाहेरचं पाणी?"

"लेकीचं काम आहे."

"म्हणजे लेकीला आपलं पाणी विष वाटतं, आणि तू तिचा हमाल. मग इतकी वर्षं आपण दोघांनी काय केलं इथं?"

नाकोबा हसला, पण ते त्याच्या जिव्हारी लागलं. संध्याकाळी त्यानं केंद्राच्या नळाखाली डबा धरला. एकच डबा. बघू तर खरं, काय होतंय. सकाळी पानं हिरवीगार होती. दुसऱ्या दिवशीही. मग झऱ्याची वाट कशाला तुडवायची? 'बघ, आपल्याच पाण्यावर वाढलंय,' असं म्हटल्यावर लेकीचं तोंड कसं होईल, याची गोष्टही त्यानं मनात रचून ठेवली, तीन-चार प्रकारांनी.

विसाव्या दिवशी त्यानं टपातला चिखल हुंगला. वासच नव्हता. चांगला नाही, वाईटही नाही. धुतलेल्या फरशीला असतो तेवढाच. पानं अजून हिरवीच होती. मेलं होतं ते खाली. उरलेले दहा दिवस नाकोबानं झऱ्याच्या रोज सहा खेपा केल्या. चिखल ओला राहिला, एवढंच.

महिना भरला. लेकीनं माती बशीत लावली आणि तीन दिवसांनी बशी उजेडाकडे धरली. एकच करडा थर.

"बाबा, झऱ्याचंच घातलंत ना?"

थापा मारताना जन्मात न अडखळलेला माणूस अडखळला. "हो."

तिनं पुन्हा विचारलं नाही. बापाच्या गोष्टी तिला पाठ होत्या, पण कामाच्या बाबतीत तो कधी खोटं बोलला नव्हता. तिनं लिहिलं, स्वच्छ पाण्यावरही माती जिवंत होत नाही. सही करून कागद साहेबांकडे दिला आणि दुपारी जेवणाचा डबा न उघडता बसून राहिली.

तिला तसं बसलेलं नाकोबाला बघवेना. तो साहेबांकडे गेला आणि सगळं सांगून टाकलं.

"लेकीसाठी बाप काहीही बोलेल, नाकोबा," साहेब म्हणाले. "मीही बोललो असतो. बसा, चहा घ्या."

"खरं सांगतोय, साहेब."

"बरं, खरं धरू. पुन्हा करून बघायला दुसरा गड्डा आहे?"

नव्हता.

घरी लेक ताटं वाढत होती, तेव्हा त्यानं तिलाही सांगितलं. तिचा हात थांबला.

"किती दिवस घातलंत?"

"सात."

"जिवंत माती सात दिवसांत मेली. आपल्या नळाच्या पाण्यानं." तिचा आवाज चढला नाही. "हाच तर पुरावा होता, बाबा. विचारलं तेव्हा सांगितलं असतंत तर मी हेच लिहिलं असतं. आता सही केल्यावर फिरवलं तर कोण ऐकेल?"

मग तिनं त्याला वाढलं, स्वतःचं ताट झाकून ठेवलं आणि आत निघून गेली.

सोमवारी मुरमाचे ट्रक आले. दलदलीकडचं फाटक उघडणं नाकोबाच्याच कामात होतं. त्यानं उघडलं. पहिल्या ट्रकवाल्यानं खिडकीतून मान काढली.

"किती खोल आहे हो, काका?"

एरवी त्यानं एक हत्ती तरी बुडवला असता.

"गुडघाभर," नाकोबा म्हणाला, आणि ट्रकला वाट देत बाजूला झाला.