काळ्या बिअरचं विरजण

आमच्या कारखान्याच्या बिअर तीन: उन्हाळ्यात पाण्यासारखी खपणारी सोनेरी, स्वतःला जाणकार समजणाऱ्यांची तांबूस, आणि वर्षातून एकदाच मुरणारी काळी, जिच्या जोरावर घोडागाड्या बांधणाऱ्या एका कारागिराच्या विधवेने पणजोबांच्या काळात हा सगळा पसारा उभा केला. मी शाळेत फारसा रमलो नाही. बाटल्या पोहोचवता पोहोचवता मालक झालो, आणि एवढंच शिकलो की आधी गोष्ट विकावी लागते, मग माल. काळीची गोष्ट अशी, की तिचं विरजण, म्हणजे गेल्या वर्षीच्या पिंपातला फेसाळ गाळ, एकाच माणसाने उघड्या हाताने नव्या पिंपात कालवायचं. ज्याचा हात, त्याचा स्वभाव बिअरमध्ये उतरतो. एकदा दाढ ठणकणाऱ्या कारागिराने ते घातलं, तर गिऱ्हाईकं वर्षभर गाल धरून प्यायली! लोक खो खो हसायचे आणि आणखी एक पेटी न्यायचे.

यंदा ते काम माझ्या जावयाचं होतं. कारखान्यात त्याला सगळे गोगलगाय म्हणत, कारण त्याचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. माझी एकुलती एक लेक त्याच्याबरोबर कारखान्यामागच्या घरात राहायची.

काळी बाजारात गेली आणि पहिला फोन आला तो पुलाजवळच्या बारवाल्याचा. माशी मारतानाही जीव खालीवर होणारा एक म्हातारा घड्याळजी अर्धा ग्लास पिऊन उठला, त्याने सगळ्या खिडक्या हलकेच लावल्या, परत येऊन जुन्या मित्राला म्हणाला, "हात पुढे कर, राजा," आणि जाड काचेच्या मगाने त्याचं एकेक बोट ठेचलं. टेबलावरचा फेस लाल झाला.

"ओरडला नाही हो शेठ," बारवाला म्हणाला. "नखं कापावीत तसं मन लावून करत होता."

पुढच्याच आठवड्यात एका शिंपिणीने नवऱ्याचा पंजा दाराच्या फटीत धरून दार लोटलं, इतक्या जोरात की हाडं मोडल्याचा आवाज जिन्यापर्यंत गेला. मग एका लग्नाच्या मेजवानीत धाकट्या भावाने थोरल्याचा अंगठा सुरीने लोंबता केला. काळी प्यायलेल्या या तिघांत कुणी कुणाला ओळखत नव्हतं. पण प्रत्येकाने आधी खिडक्या लावल्या होत्या, आणि प्रत्येक जण मायेने म्हणाला होता, "हात पुढे कर, राजा."

मी उरलेली सगळी पिंपं गटारात ओतायला सांगितली आणि भर दुपारी लेकीचं घर गाठलं.

दार जावयाने उघडलं. त्याच्या उजव्या हाताला बोटांपासून मनगटापर्यंत पट्टी होती. मारून मारून माणसाचा हात असाच होतो, हे मी तरुणपणी बाजारात पाहिलेलं आहे.

"हात कशाने दुखावला, जावईबापू?"

"वाफेने," तो म्हणाला, आणि त्याने मागे लेकीकडे पाहिलं.

माझा तोल सुटला. त्याची कॉलर धरून मी त्याला भिंतीवर आपटलं, तोंडावर ठोसे मारले, ओठ फाटला, एक दात फरशीवर टणकन पडला, तो खाली बसला तरी लाथा घालत राहिलो. त्याने एकदाही हात उचलला नाही. फक्त कुजबुजला, "हळू, बाबा. खिडक्या उघड्या आहेत."

"बॅग भर," मी लेकीला म्हणालो. ती मुकाट्याने निघाली. आम्ही पायरी उतरतो न उतरतो तोच मागे दार बंद झालं आणि आतून एक कडी पडली, मग दुसरी, मग काहीतरी जड सामान ओढून दाराशी लावल्याचा आवाज आला.

गाडीत ती शेजारी बसली.

"घाबरू नकोस, बाळ," मी म्हणालो. "त्याचा हात त्या पिंपात गेला म्हणून तरी मला कळलं."

"त्यांचा कुठे गेला?" ती म्हणाली. "त्यांच्या हाताला तेव्हाही पट्टीच होती. विरजण मी घातलं."

तिने रुमाल काढून माझ्या मनगटावर उडालेलं रक्त पुसलं, अगदी सावकाश.

"बरं झालं मला न्यायला आलात. आई गेल्यापासून तुमच्याकडे बघायला तरी कोण आहे?"

आमच्या घराचं वळण आलं. मी गाडी तशीच सरळ पुढे जाऊ दिली.

"बाबा," ती हसून म्हणाली, "घर मागे राहिलं."