एकाच पाठीचा पट्टा

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. तुम्ही शाळेच्या चड्डीवर लावता तसला नव्हे. दुखावलेल्या पाठीला आधार देणारा, खांद्यापासून कमरेपर्यंत येणारा, चांगला भारदस्त पट्टा. सध्या साखरा गावातल्या एका घरात खुंटीला लटकलेला असतो. माझं कातडं तडकलं आहे, बकलांना गंज चढला आहे आणि एका बाजूची पोलादी पट्टी वाकडी झाली आहे. तुम्ही म्हणाल, म्हातारपण आलं की असं व्हायचंच. नुसतं म्हातारपण असतं, तर मी तुम्हाला कशाला त्रास दिला असता?

माझा जन्म हिंगोलीचा, बहात्तर सालच्या दुष्काळातला. तिथे हाडांच्या एका डॉक्टरांचा दवाखाना होता आणि त्याच्या ओसरीवर खेमा नावाचे कारागीर बसत. पूर्वी ते टांग्याच्या घोड्यांचा साज करायचे. त्यांच्या हातातली सफाई बघून डॉक्टरांनी त्यांना माणसांच्या पाठीची मापं घ्यायला शिकवलं होतं. खेमा म्हणायचे, "घोडं काय अन् माणूस काय, साज मापात नसला की पाठ सोलती." त्यांनी दोन पोलादी पट्ट्या ठोकून ठोकून वळवल्या, त्यांवर कातडं चढवलं आणि आतून दाबलेल्या लोकरीचा मऊ नमदा शिवला. पुढे बांधायला तीन वाद्या लावल्या. प्रत्येक वादीला मोजून तीन भोकं पाडली.

मला बनवलं ते पद्माबाईसाठी. ती साखऱ्याची, वय विशीच्या थोडं पुढे. दुष्काळानं विहिरीचं पाणी तळाला गेलं होतं. भरलेली घागर घेऊन पायऱ्या चढताना तिचा पाय निसटला आणि ती खालच्या दगडावर धपकन आदळली. पाठीचा एक मणका दबला. सहा आठवडे ती फळीवर पडून होती. मग तिच्या अंगावर मी चढलो.

"तीन महिने हा पट्टा दिवसभर घालायचा," डॉक्टरांनी बजावलं. "निजतानाच काढायचा. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही."

पद्माबाईचं लक्ष सासूच्या, नानीबाईच्या मांडीवर होतं. तिथे सात महिन्यांची चांगुणा मूठ चोखत बसली होती.

"अन् लेकराला कधी घिऊ, साहेब?"

"मणका जुळला की खुशाल कडेवर घ्या. तेवढी तीन महिने कळ काढा."

खेमांनी शेवटचं बक्कल लावलं आणि म्हणाले, "हा एकाच पाठीचा पट्टा हाय, माय. एक येळ चप्पल उसनी चालंल, ह्यो न्हाई."

घरी आल्यावर पद्माबाईनं मला खुंटीला अडकवलं. हात वर केला आणि सहज अडकवलं. रोज सकाळी नानीबाई माझ्या वाद्या आवळून द्यायची. चांगुणा रांगत यायची, आईच्या लुगड्याला धरून उभी राहायला बघायची. पद्माबाई तिच्याकडे वाकायला गेली की मी तिला अडवायचो. मित्रांनो, ते माझ्या फार जिवावर यायचं, पण माझं कामच ते होतं. महिना झाला. तिची कळ थांबली. ती बोटं मोजून म्हणायची, "आता दोन महिनेच ऱ्हायले गं, चांगुणे."

त्याच वेळी गावाशेजारी दुष्काळी काम सुरू झालं. पाझर तलाव खोदायचा आणि खडी फोडायची. पद्माबाईचा नवरा सोनाजी, शेजारीपाजारी, अख्खं गाव कामावर जाऊ लागलं आणि संध्याकाळी कमरेला हात लावून परत येऊ लागलं. एके दिवशी तिचे चुलत सासरे सटवाजी अंगणात येऊन उभे राहिले.

"पद्मा, तुझा पट्टा दे की एक दिस. कंबर धरून राहिली बघ. तू तं सावलीतच हाईस."

शेवटचं वाक्य ते सहज बोलले. पण पद्माबाईला ते लागलं. तिनं मान खाली घातली, मला काढलं आणि त्यांच्या हातात दिलं.

मला घालून सटवाजी दिवसभर ताठ बसून खडी फोडत राहिले. परतताना चारचौघांत म्हणाले, "पट्टा न्हाई, ही तं दुसरी पाठच हाय!" खरं सांगतो, मी फुशारलो. आजवर एका बाईच्या लुगड्याच्या पदराखाली झाकलेला होतो, आता सगळं गाव माझं नाव घेत होतं. दुसऱ्या दिवशी मला जळबा घेऊन गेला, तिसऱ्या दिवशी आणखी कोणी. चाळण किंवा शिडी या घरून त्या घरी जाते, तसा मी फिरू लागलो.

नानीबाई चिडली. "काहून देतीस गं? डाक्टरनं काय सांगितलं व्हतं?"

"समदे उन्हात दगड फोडून राहिले, आत्याबाई. मी सावलीत बसून कोन्या तोंडानं न्हाई म्हणू? अन् मला आता बरं वाटून राहिलं."

नानीबाई आपली कंबर दाबत चुलीकडे वळली. तिचीही कंबर दुखतच होती.

मग मला मागायला त्या कामावरचे मुकादम दगडोबा आले. मुकादमाला नाही म्हणायची गावात कोणाची छाती नव्हती. दगडोबांचं पोट मोठं. माझ्या वाद्या पुरेनात, तेव्हा त्यांनी आरीनं सगळ्यात खालच्या वादीला दोन नवी भोकं पाडली. उकिडवे बसून बसून माझी एक पट्टीही वाकवली. त्यांनी मला बारा दिवस ठेवून घेतलं. त्या दिवसांत पद्माबाईची दवाखान्याची तारीख आली आणि गेली. पट्टाच जवळ नाही, तर डॉक्टरांना तोंड कसं दाखवायचं, म्हणून ती गेलीच नाही.

त्याच बारा दिवसांत एका दुपारी चांगुणा रडत रांगत आईपाशी आली. बसल्या बसल्या तिनं दोन्ही हात वर केले. पद्माबाईला अडवायला मी अंगावर नव्हतो. तिनं वाकून लेकीला उचललं आणि कडेवर घेतलं.

मी परत आलो तेव्हा तिच्या पाठीवर बसेना. ढिला झालो होतो, खालून टोचत होतो. तिला पुन्हा कळा येत होत्या. शेवटी सोनाजी तिला आणि नानीबाईला घेऊन हिंगोलीला गेला. डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला.

"मणका आणखी बसला आहे. पट्टा घालत होता ना?"

"व्हय, साहेब," पद्माबाई हळूच म्हणाली.

खेमांनी मला मांडीवर घेतलं. त्यांची बोटं वादीवरून फिरली आणि थांबली.

"ही दोन भोकं माझ्या हातची न्हाईत, माय."

पद्माबाईनं पदर तोंडाला लावला. मग नानीबाईनंच सगळं सांगितलं, कडेवर घेतल्याचंसुद्धा. डॉक्टर रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. ते एवढंच म्हणाले, "आता पाठ सरळ व्हायची नाही. लेकराला उचलत जाऊ नका." त्या दुपारी कडेवर घेतलं, तेच शेवटचं ठरलं.

पुढची काही वर्षं ती मला घालायची, पण कळ कमी व्हावी एवढ्यापुरतं. तिची पाठ थोडी थोडी पुढे झुकत गेली. चांगुणा हात वर करायची, तेव्हा पद्माबाई खाली बसून तिला मांडीवर घ्यायची. जत्रेला, दवाखान्याला तिला नेलं ते बापानं आणि आजीनं. नंतर चांगुणानं हात वर करणंच सोडून दिलं. माझं कातडं कडक झालं आणि मी खुंटीवरच राहू लागलो.

गेल्या वर्षी, म्हणजे एकोणऐंशी साली, कनेरगाव नाक्याहून एक पाहुणा आला. "तुमच्या इथं जादूचा पट्टा हाय म्हणं. चार दिस देता का?" पद्माबाई सवयीनं उठली. "थांबा, देते," म्हणाली आणि तिनं हात वर केला. हात खुंटीपर्यंत पोचला नाही. तिनं टाचा उचलल्या. तरी पोचला नाही. मित्रांनो, खुंटी तीच होती. तिनं पहिल्या दिवशी मला जिथे सहज अडकवलं होतं, तीच.

सात वर्षांची चांगुणा धान्याच्या कोठीवर चढली आणि तिनं मला काढलं. आता ती मला पाहुण्याच्या हातात देणार, असं मला वाटलं. पण तिनं मला छातीशी धरलं.

"न्हाई देणार. हा माह्या मायच्या मापाचा हाय."

पद्माबाईनं तिला रागवायला तोंड उघडलं. मग तशीच खाली बसली. पाहुणा निघून गेला. त्याच्या सहा वर्षं आधी हे एक वाक्य कोणी तरी म्हणायला हवं होतं. मला तोंड नव्हतं हे खरं. पण तोंड असतं तरी मी म्हटलं नसतं. मला मिरवायचं होतं.

त्याच संध्याकाळी चांगुणानं बापाकडून जुनी खुंटी काढून घेतली आणि नवी खाली ठोकवली, आईचा हात पोचेल इतकी खाली. बाळांनो, कोणाच्या दुखण्यावरची वस्तू मागायची वेळ आली, तर आधी साखऱ्याला या आणि ती खुंटी किती खाली आहे ते बघून जा.