मागच्या सीटवरचं वजन

"'तोल सांभाळता न येणाऱ्यांची गाडी!'" बेकरीवाल्याने गाड्यांचं मासिक टेबलावर आपटलं. "पुढे ऐका. म्हणे, सायकल शिकणाऱ्या पोराला बाप जास्तीची चाकं लावून देतो, तशी ही मोटरसायकल आहे. फक्त पोर पन्नाशीचं आहे."

पेट्रोल पंपामागच्या मोकळ्या जागेत रविवारी सकाळी आम्ही चौघं जमतो. पुढे दोन चाकं आणि मागे एक, अशा मोटरसायकली सगळ्या गावात मिळून चार, आणि त्या आमच्या. रस्त्यात भेटलो की एकमेकांना तीन बोटं दाखवतो. लोक हसतात. हसू देत. बेकरीवाला, दातांची डॉक्टरीण, लिफ्ट दुरुस्त करणारे अण्णा आणि मी, कोर्टातला टायपिस्ट. अंगाने काडीपैलवान, पण डोकं लवकर तापतं असं आमची बायको म्हणते. त्या सकाळी ते तापलेलंच होतं.

"कोण हा टिकोजीराव?" मी म्हणालो. "दोन दिवस गाडी फिरवली आणि लागला अक्कल पाजळायला!"

"पण मी घेतलीच त्यासाठी," डॉक्टरीण म्हणाली. "माझा गुडघा कामातून गेला होता. नाही सांभाळता येत तोल, त्यात लाज कसली?"

"लाज नाही हो, पण याने चारचौघांत काढली ना!"

अण्णांची गोष्ट वेगळी. सहा वर्षांपूर्वी त्यांना कानाचा आजार झाला, बसल्या जागी घर गरगर फिरायचं. औषधांनी चक्कर थांबली, पण दोन चाकांवरचा भरवसा उडाला तो उडालाच. तेव्हा त्यांनी ही गाडी घेतली आणि रोज वहिनींना दवाखान्यात सोडायला-आणायला लागले. वहिनी तिथे सिस्टर होत्या. मागच्या वर्षी त्या गेल्या. पोटाचं दुखणं होतं, कळलं तेव्हा डॉक्टरांनी हात टेकले होते.

मी मासिक शुक्रवारीच वाचलं होतं आणि उत्तर टाइप करून आणलं होतं. मुद्द्याला मुद्दा. वकिलांचे अर्ज टाइप करून करून हात बसलाय माझा. उभा राहिलो आणि वाचायला लागलो. चौथ्या मुद्द्यावर तर मी खूश होतो.

"'परीक्षक महाशय लिहितात की, गाडीचा पुढचा भाग इतका स्थिर आहे, की मागे माणूस बसलंय की नाही हे चालवणाऱ्याला कळतच नाही. दोन चाकांवर मागच्याने श्वास घेतला तरी समजतो. यावर आमचं उत्तर असं की, आमच्या एका सभासदाच्या पत्नी सलग पाच वर्षं रोज या सीटवर बसल्या. त्यांनी एका शब्दाने कधी तक्रार केली नाही.'"

"वा!" बेकरीवाला म्हणाला. "तोंडात मारलीस!"

अण्णांनी हात पुढे केला. "मासिक दे जरा." त्यांनी ते वाक्य बोट ठेवून वाचलं. मग मासिक मिटलं.

"बरोबर आहे त्याचं," ते म्हणाले.

"काय बरोबर आहे?" मी तडकलोच.

"हेच. मागे माणूस बसलंय की नाही, कळत नाही." अण्णा माझ्याकडे नाही, गाडीकडे बघत होते. "जन्मभर लिफ्टच्या मोटरपाशी बसलो. खाली सहाच्या जागी सात माणसं शिरली की मला वर आवाजावरून कळायचं. जुन्या गाडीवर ही मागे बसली की न बघता सांगायचो, आज डबा खाल्ला नाहीस. ती म्हणायची, काय मेली कटकट, नवरा केलाय की तराजू?" ते जरासे हसले. "आणि या गाडीवर सतरा किलोने उतरली रे. सतरा! आणि मी पुढे बसून तिला गमती सांगत होतो."

"अण्णा, मलाही दिसत होत्या की त्या," डॉक्टरीण हळूच म्हणाली. "मला कुठे कळलं?"

"कसं कळणार? युनिफॉर्म स्वतःच शिवून आत घेत होती. वर जाड स्वेटर. रोज शंभर जणांना काट्यावर उभं करणारी बाई, तिला ठाऊक नसेल? मला घाबरवायचं नव्हतं तिला. डोळ्यांना फसवलं तिने, ते कबूल. पण वजन कळलं असतं. सहा महिने आधी कळलं असतं."

मला हातातला कागद कुठे लपवू असं झालं. इतक्या वर्षांत मी पुष्कळांचे जबाब टाइप केलेत, पण माणसाच्या जखमेवर असं नेमकं बोट कधी ठेवलं नव्हतं.

अण्णा उठले. हेल्मेट घातलं. "चल रे. माझ्या मागे बस. एक चक्कर मारू. मध्ये कुठेतरी उतर, मला सांगू नकोस."

"मीच का?"

"शेवटी तिचं वजन तुझ्याएवढंच होतं."

मी बसलो.

"बसलास?" अण्णांनी मान किंचित वळवून विचारलं. वहिनींनाही ते असंच विचारायचे. वहिनी त्यांच्या खांद्यावर दोनदा थोपटायच्या आणि मग गाडी हलायची, पाच वर्षं बघितलंय आम्ही. बघून बघून माझाही हात गेला. मी दोनदा थोपटलं. अण्णांचा खांदा एकदम ताठ झाला, आणि गाडी निघाली.

रस्ता रिकामा होता. अण्णा बोलायला लागले. "एकदा काय झालं, एक नवरा-बायको भांडत भांडत लिफ्टमध्ये शिरले. असे भांडत होते म्हणतोस! आणि नेमकी लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली."

चौकात सिग्नल लाल होता. आमच्या गाडीला थांबल्यावर पाय टेकावे लागत नाहीत. बटण दाबलं की पुढची चाकं अडकतात आणि गाडी जागच्या जागी उभी राहते. अण्णांनी बटण दाबलं. फुटपाथ माझ्या डाव्या पायाशी होता.

आता खरं सांगतो. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. अण्णांना काय हवंय ते मला कळलं होतं. मी उतरलेलं त्यांना कळलं असतं, तर वहिनींचं वजनही कळायला हवं होतं, आणि मग दोष त्यांचा. नाही कळलं, तर गाडीचा. म्हणून मी चोरासारखा उतरलो. आधी फुटपाथवर एक पाय टेकला, श्वास रोखला, सीटवरचा भार मुंगीच्या पावलाने काढून घेतला. एवढं जपून मी झोपलेल्या लेकीच्या खोलीतूनही कधी बाहेर पडलो नसेन.

सिग्नल सुटला. अण्णा गेले. मान जरा मागे झुकवून बोलतच गेले. मागची सीट रिकामी होती आणि ते एका हाताने लिफ्टचं दार कसं उघडलं ते दाखवत होते. हाक मारावीशी वाटली, पण मारली नाही.

मी चालत पंपावर पोचलो तेव्हा ते गाडी उभी करून वाट बघत होते.

"कुठवर ऐकलंस?" त्यांनी विचारलं.

"लिफ्ट अडकली, तिथवर."

"म्हणजे सिग्नललाच उतरलास." त्यांनी हेल्मेट काढलं. "मी पार पुढे पाण्याच्या टाकीपर्यंत बोलत होतो रे."

"मग लिफ्टमधल्यांचं काय झालं?" मी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

"तासाभराने दार उघडलं, तर दोघं जमिनीवर एकमेकांना टेकून बसलेले. मलाच म्हणतात, एवढ्यात कशाला आलात?"

आम्ही दोघं हसलो. हसता हसता अण्णांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं, त्यांनी पुसलंही नाही. "नसतंच कळलं," ते म्हणाले. "होय ना? नसतंच कळलं मला."

"नसतंच कळलं, अण्णा." मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणालो. सारा जन्म कोर्टात काढलेला मी, शपथेवरही तेच सांगितलं असतं.

त्यांनी माझ्याकडून कागद मागून घेतला. चौथा मुद्दा पेनाने सरळ रेघ मारून खोडला, बाजूला लिहिलं, 'मागच्या सीटबद्दल परीक्षकांचं म्हणणं खरं आहे', आणि खाली सही केली.

"बाकी गाडी चांगली आहे," कागद परत देत म्हणाले. "बाकीचं राहू दे तसंच."

बेकरीवाल्याने आणि डॉक्टरणीने त्याखाली सह्या केल्या. अण्णांनी हेल्मेट चढवलं, गाडी सुरू केली. निघताना मान किंचित मागे वळवली. दोनदा थोपटायला लागतो तेवढा वेळ थांबले, आणि मग गेले.