चौथ्या डाकबाबूची बाजू

कारंजा (घाडगे) इथे हायवेला लागून भैय्याजींचा ढाबा आहे. तिथे दर रविवारी दुपारी तीन वाजता भांडण होतं. वेळ ठरलेली, टेबल ठरलेलं आणि भांडणारी माणसंही ठरलेली. नवा ट्रकवाला असला तर तो घाबरून विचारतो, "क्या हुआ भैय्या, पुलिस बुलाऊं क्या?" जुने ट्रकवाले त्याला खाली बसवतात आणि सांगतात की काही नाही, हे लोक टीव्हीवरून भांडतात.

टीव्हीवरची ती मालिका म्हणजे 'नवग्रह डाक'. एकोणतीस वर्षं झाली, चालूच आहे. टपाल खात्याचा एक माणूस लाल यानात बसून ग्रहाग्रहांवर पत्रं वाटत हिंडतो, एवढीच गोष्ट. यानाला पायडल आहेत. ते कशाला, हे एकोणतीस वर्षांत कुणी सांगितलेलं नाही. नट कंटाळला की मालिकेतल्या डाकबाबूची दुसऱ्या आकाशगंगेत बदली होते आणि नवा डाकबाबू रुजू होतो. असे आजवर पाच झाले. प्रत्येकाला एक सोबती असतो, आणि खरी मारामारी त्या सोबत्यांवरून होते.

भैय्याजी पहिल्या डाकबाबूचे. त्याची सोबतीण बिजली, बुध ग्रहावरची मुलगी. तिच्याविषयी वाकडा शब्द निघाला तर भैय्याजी त्या माणसाच्या ताटातली चटणी उचलून नेतात. हरिदास सर दुसऱ्याचे. ते गणिताचे निवृत्त मास्तर आणि दुसरा डाकबाबू प्रत्येक भागात कागदावर हिशेब मांडून सुटका करून घ्यायचा, म्हणून. रोशनीचं बसस्टँडजवळ ब्युटी पार्लर आहे. ती पाचव्याची, आणि त्याचं कारण ती लपवत नाही. "चेहरा पाह्यला काय त्याचा?" ती म्हणते. "बाकीच्या चौघायले मी फुकटात फेशियल करून देईन, पण फरक नाई पडाचा."

राहिली माधवी. माधवी कृषी सहायक. आठवडाभर स्कूटीवरून गावोगाव फिरून कपाशीतली बोंडअळी मोजायची आणि रविवारी इथे येऊन हरायचं, हा तिचा नेम. कारण ती चौथ्या डाकबाबूची होती. अख्ख्या तालुक्यात चौथ्या डाकबाबूचं दुसरं माणूस नव्हतं.

चौथा डाकबाबू भित्रा होता. ग्रहावर उतरायच्या आधी यानाच्या दाराला धरून उभा राहायचा. काही हललं की टुणकन उडी मारून उंच जागी चढायचा आणि डावा हात डोक्यावर दाबून टोपी सांभाळायचा. त्याचा सोबती म्हणजे चांदनी. चांदनी ही चंद्रावरची बकरी होती.

"बकरी सोबती होऊच शकत नाई," त्या रविवारी हरिदास सरांनी तोंड उघडलं ते याच वाक्याने. "सोबती म्हणजे ज्याच्याशी बोलता येते. बकरीशी काय बोलाचं? बकरी म्हणजे सामान. यानातली बॅटरी तशी बकरी."

"चांदनी ऐकून घेते, सर," माधवी म्हणाली. "बाकीचे सोबती ऐकते काय कधी? बिजली त सारी बोलूनच राह्यते."

भैय्याजींनी तिच्यासमोरची चटणी उचलली.

"ताई, खरं सांग," रोशनी म्हणाली, "तुले तो काऊन आवडते? निसता थरथरते तो!"

माधवीला हे नेहमी विचारलं जायचं आणि ती नेहमी काहीतरी सांगून वेळ मारून न्यायची. खरं कारण असं होतं की अकरा वर्षांची असताना तिला कावीळ झाली होती. दोन महिने शाळा नाही, तिखट नाही, तेल नाही, आणि समोर ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही. त्यात हा माणूस दर आठवड्याला पाय लटलट कापत असताना पत्र नेऊन द्यायचा. एकही पत्र त्याने कधी परत आणलं नाही. तिला वाटायचं, शूर माणसाने पत्र पोचवलं तर त्यात नवल काय? पण हे ढाब्यावर, भज्यांच्या वासात, कसं सांगायचं?

"चौथा सगळ्यात बेकार होता," शेजारच्या खाटेवरून आवाज आला.

चौघांनीही माना वळवल्या. खाटेवर साठी उलटलेला एक टकला गृहस्थ बसला होता. जाड चष्मा, गळ्यात टॉवेल, हातात चहा. त्याच्या गाडीच्या इंजिनाचा पट्टा तुटला होता, ड्रायव्हर नवा पट्टा आणायला कारंज्यात गेला होता, आणि अर्धा तास हा निमूट भजी खात बसला होता. बोलणं मात्र अमरावतीकडचं.

"तुमीबी पाह्यता काय जी?" भैय्याजींनी खूश होऊन विचारलं.

"नाई पाह्यत. पण चौथा माहीत हाय. त्याले अभिनय येत नव्हता. हात कुठं ठेवाचे ते समजे नाई त्याले, म्हणून डोक्यावर ठेवे."

हरिदास सरांनी टेबलावर थाप मारली. "हेच! हेच मी आठ वर्षांपासून सांगून राह्यलो!"

माधवीची कानशिलं तापली. नेहमीचे तिघं बोलले तर बोलले, पण रस्त्यावरच्या माणसाने येऊन दगड मारावा?

"तुम्ही कोणता भाग पाह्यला?" तिने विचारलं.

"असे पाह्यले दोन-चार."

"शनीच्या कड्यावरचा पाह्यला काय? ते म्हातारी? तिच्या मेलेल्या पोराचं पत्र येते, तिले वाचता येत नाई, मंग हा वाचून दाखवते?"

"हो, तो." गृहस्थाने चहाचा घोट घेतला. "त्याच्यात तो रडते. खोटं हाय सारं."

"खोटं?" माधवी उभीच राहिली. "वाचता वाचता त्याचा आवाज फाटते. तो थांबते. टोपी काढते. मंग चांदनी त्याच्या मांडीवर डोकं ठेवते. ते खोटं हाय? तुम्हाले काई समजते काय चौथ्या डाकबाबूतलं?"

"थोडंफार समजते."

"कायचं समजते! तो भितरा हाय म्हणून लोक हासते. पण पत्र पोचवते का नाई? पहिल्याले भीतीच नाई, दुसऱ्याले गणित येते, पाचव्याले चेहरा हाय. याच्यापाशी काय हाय? काईच नाई! एक बकरी हाय! तरी जाते ना तो!"

ढाब्यावरचं चमच्यांचं वाजणं थांबलं. दोन ट्रकवाले रोटी हातात धरून बघत राहिले. माधवीला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. आठ वर्षांत जे जमलं नव्हतं ते एका परक्या माणसावर चिडल्याबरोबर तोंडातून बाहेर पडलं होतं.

गृहस्थ काही बोलणार तोच मागच्या अंगणातून भैय्याजींची काळी बकरी आत आली. तिला भज्यांचा वास लागला होता. तिने खाटेखालून मान काढली आणि गृहस्थाच्या टॉवेलाचं टोक तोंडात धरून ओढलं.

"ए बाप्पा!" गृहस्थ टुणकन उडाला आणि खाटेवर उभा राहिला. त्याचा डावा हात डोक्यावर गच्च दाबलेला होता. तिथे टोपीही नव्हती आणि केसही नव्हते.

माधवीने त्या हाताकडे पाहिलं. मग चष्म्याआडच्या डोळ्यांकडे.

"नयनकुमार," ती हळूच म्हणाली. "चौथे डाकबाबू."

"हो," गृहस्थ खाटेवरूनच म्हणाला. "पहिले तिले बाहेर न्या, मंग बोलू."

भैय्याजींनी बकरी बाहेर नेली. नयनकुमार खाली उतरला, तेव्हा हरिदास सर उभे राहून नमस्कार करत होते आणि एकीकडे मागच्या आठ वर्षांत आपण काय काय बोललो ते आठवून घामाघूम होत होते. रोशनी म्हणाली, "केस कुठं गेले वो तुमचे?"

"विग होता तो. आणि नयनकुमार नाव निर्मात्यानं ठेवलं. माझं नाव नत्थू. बहिणीकडं चाललो अमरावतीले." त्याने टॉवेल झटकला. "आता ऐका. चांदनी एक नव्हती, चार बकऱ्या होत्या. त्याच्यातला एक बोकड होता."

"माहीत हाय," माधवी म्हणाली. "सातव्या भागापासून कान वेगळा हाय."

नयनकुमारने तिच्याकडे नीट पाहिलं. "आणि चौघी मले चावल्या. त्या शनीच्या सीनच्या दिवशी दुसऱ्या नंबरच्या बकरीनं माझा डबा खाल्ला होता. बहिणीनं पाठवलेल्या पुरणपोळ्या होत्या त्याच्यात. मी सकाळपासून उपाशी. त्याच्यासाठी रडलो, बाई. म्हातारीसाठी नाई."

सगळे माधवीकडे पाहू लागले. भैय्याजींना तर तिची दयाच आली. त्यांनी चटणी परत आणून ठेवली.

माधवी खुर्ची ओढून नयनकुमारच्या समोर बसली.

"तुम्ही कायच्यासाठीबी रडले असान जी," ती म्हणाली. "रडले तुम्ही, पाह्यलं मी. तुमचं काम तुम्ही केलं, झालं ते. आता त्याच्यामंधी पडू नोका."

"अवं पण मीच होतो ना तो!"

"मंग काय झालं? तुम्ही पाह्यला काय तो भाग?"

नयनकुमारने मान खाली घातली. त्याने स्वतःचा एकही भाग पाहिलेला नव्हता. पहिल्याच आठवड्यात एका वर्तमानपत्राने लिहिलं होतं की दोघांत बकरीचा अभिनय सरस आहे. त्यानंतर त्याने ती मालिका लावली नाही.

रोशनीने लगेच फोनवर तो भाग शोधला आणि पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. पाचही डोकी त्या एवढ्याशा पडद्यावर वाकली. पाठीमागे ट्रकवाले येऊन उभे राहिले. शनीचा कडा थर्माकोलचा होता आणि वाऱ्याने हलत होता. डाकबाबूने पत्र उघडलं, वाचलं, आवाज फाटला, टोपी काढली. बकरीने मांडीवर डोकं ठेवलं. मागे एका ट्रकवाल्याने नाक ओढलं.

"तिच्या तोंडाले पुरण लागून हाय पाहा," नयनकुमार म्हणाला. पण त्याचा आवाज मघासारखा नव्हता. त्याने चष्मा काढून टॉवेलाने पुसला आणि तो भाग पुन्हा लावायला सांगितला.

ड्रायव्हर पट्टा घेऊन आला, गाडी दुरुस्त झाली, त्याने तीनदा हॉर्न वाजवला. पण तोवर नयनकुमारने कबूल करून टाकलं होतं की त्याला स्वतःला दुसरा डाकबाबू आवडतो, आणि हरिदास सरांनी त्याला मिठी मारली होती. मग तो म्हणाला की बिजली मात्र सगळ्यांत वाईट सोबती, त्याच्या एका भागात पाहुणी म्हणून आली तेव्हा सेटवर सतत भांडत होती. भैय्याजींनी पाहुणा-बिहुणा न बघता त्याच्या पुढ्यातली भजी उचलली. त्यावरून असा कल्लोळ उठला की नयनकुमार दुसऱ्यांदा खाटेवर चढला, यावेळी बकरीशिवाय. शेवटी सरांनी मतदान घ्यायचं ठरवलं. चौथ्या डाकबाबूला एकच मत पडलं. नयनकुमारने आपलं मत दुसऱ्याला दिलं.

"माफ करजो बाई," गाडीत बसताना तो म्हणाला. "खरं ते खरं."

"तुमचं चुकून राह्यलं," माधवी म्हणाली. "पण येजो परत."

गाडी तळेगावच्या बाजूने गेली. धूळ खाली बसल्यावर रोशनी एकदम किंचाळली. फोटो कुणीच काढला नव्हता.

संध्याकाळी माधवीने नवऱ्याला, रुपेशला, सगळं सांगितलं. तो सोफ्यावर आडवा होऊन हसला.

"नयनकुमार? भैय्याजीच्या ढाब्यावर? बकरीले भिऊन खाटेवर?"

"हो."

"फोटो दाखव."

"नाई काढला."

"असं व्हय," रुपेश म्हणाला आणि बातम्या लावल्या.

एरवी तिला राग आला असता. पण ती मेथीची जुडी घेऊन बसली आणि निवडता निवडता तिचे ओठ हलत राहिले. ती अजून नयनकुमारशीच भांडत होती. दोन मुद्दे तर तिला आत्ता सुचले होते, आणि दोन्ही असे बिनतोड होते की ते ऐकून त्या माणसाला आपलं मत बदलावंच लागलं असतं.